बग्गीत दडलेला शिपाई

वॉरंट दहा दिवसांचं होतं. डबी लागली अकराव्या दिवशी. वॉरंट वॉशिंग्टनच्या हद्दीपुरतं होतं. डबी लागली शेजारच्या मेरीलँड राज्यात, सार्वजनिक पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका जीप ग्रँड चेरोकीच्या पोटाखाली. पुढचे २८ दिवस ती जीप जिथे जिथे गेली, तिथला ठावठिकाणा त्या जीपीएसच्या डबीतून ५० ते १०० फुटांच्या अचूकतेने सरकारी संगणकावर उमटत राहिला. मध्येच एकदा बॅटरी बदलावी लागली. गाडी मेरीलँडमधल्याच दुसऱ्या एका पार्किंगमध्ये उभी होती, तेव्हा तेही काम उरकण्यात आलं. चार आठवड्यांत दोन हजारांहून जास्त पानांची माहिती गोळा झाली. गाडी चालवणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०१२ रोजी दिलेल्या ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जोन्स’ या निकालाची ही सुरुवात आहे. जोन्स हा वॉशिंग्टनमधला नाइटक्लबचा मालक. त्याच्यावर अमली पदार्थांच्या व्यापाराचा संशय होता. डबीने दिलेल्या माहितीतून त्याचा संबंध ज्या घराशी जोडला गेला, तिथे साडेआठ लाख डॉलर रोख आणि ९७ किलो कोकेन सापडलं. त्याला जन्मठेप झाली होती. म्हणजे माणूस सहानुभूती वाटावी असा नव्हता. तरी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सरकारविरुद्ध कौल दिला. कौल एक, पण कारणं तीन आणि लिहिणारे हातही तीन. मी हे निकालपत्र पहिल्यांदा माहितीसाठी वाचलं. नंतर मात्र एखादी कथा वाचावी तसं, भाषेसाठी आणि रचनेसाठी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे.

आपल्या भाषेत या विषयासाठी तीन शब्द आहेत आणि तिघांचे अर्थ नीट वेगळे आहेत. माग, पाठलाग आणि पाळत. माग काढायचा तो गेलेल्या माणसाचा. पाऊलखुणा, मोडलेली काडी, चिखलातली चाकोरी वाचत वाचत पुढे जायचं. पाठलाग करायचा तो समोर पळणाऱ्याचा. त्यात पळणाऱ्यालाही ठाऊक असतं की मागे कुणी आहे. पाळतीत मात्र एकालाच ठाऊक असतं. जीपखालच्या त्या डबीने हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळून टाकले. तो गुंता सोडवण्याची नऊ जणांची धडपड, असं मी या निकालपत्राकडे पाहतो.

ते समजायला आधी २९ वर्षं मागे जावं लागतं, कारण जोन्सची गोष्ट एका पिंपापासून सुरू होते. मिनेसोटामध्ये पोलिसांना संशय होता की काही जण अमली पदार्थ बनवायला रसायनं विकत घेताहेत. विक्रेत्या कंपनीच्या संमतीने त्यांनी पाच गॅलन क्लोरोफॉर्मच्या पिंपात एक बीपर बसवला. हा बीपर म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ संकेत सोडणारी छोटी बॅटरीवरची वस्तू. पिंप गाडीत चढलं, पोलीस मागे निघाले. वाटेत चालकाने हुलकावण्या द्यायला सुरुवात केली आणि पोलिसांनी नजरेचा पाठलाग सोडून दिला. पुढे बीपरचा संकेतही हरवला. तासाभराने हेलिकॉप्टरमधल्या यंत्रावर तो पुन्हा सापडला, पण आता हलत नव्हता. विस्कॉन्सिनमधल्या शेल लेकजवळच्या एका केबिनपाशी स्थिर झाला होता.

तासाभराच्या त्या शांततेपाशी मी दर वेळी थांबतो. पाठलाग संपलेला आहे, माग हरवलेला आहे आणि तरीही काहीतरी चालूच आहे. १९८३ च्या ‘नॉट्स’ निकालात न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी हा प्रसंग अगदी कोरड्या भाषेत मांडला आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्याला आपली ये-जा कुणी पाहणार नाही अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जे पोलिसांच्या डोळ्यांना दिसलं असतं, तेच बीपरने दाखवलं. विज्ञानाने डोळ्यांना मदत केली म्हणून घटना मोडत नाही. वाक्यं आखूड आहेत, स्वर थंड आहे, पण एका जागी रेनक्विस्ट यांनी दार किलकिलं ठेवलं. चोवीस तास, सरसकट जाळं टाकल्यासारखी पाळत कधी सुरू झालीच, तर त्याचा विचार तेव्हा करता येईल, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांनी लिहिलं. निकाल लिहिणाऱ्याने भविष्यातल्या वाचकासाठी ठेवलेली ती चिठ्ठी होती. जोन्समध्ये ती उघडली गेली.

८ नोव्हेंबर २०११ रोजी युक्तिवाद झाला, त्यातला एक क्षण निकालपत्रात नाही, पण त्याशिवाय निकालपत्र पुरतं कळत नाही. सरकारची भूमिका सरळ होती. वॉरंटचं पालन झालं नाही हे मान्य, पण वॉरंटची गरजच नव्हती, कारण गाडी रस्त्यावर होती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विचारलं, मग आमच्या सगळ्यांच्या गाड्यांना महिनाभर अशी डबी लावली तर तीही झडती ठरणार नाही का? सरकारी वकील मायकेल ड्रीबेन यांनी आधी खात्री करून घेतली, या न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या? हो, म्हणाले सरन्यायाधीश. सभागृहात हशा पिकला. मग ड्रीबेन यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्या मांडणीप्रमाणे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या न्यायमूर्तींनाही याहून अधिक अपेक्षा ठेवता येणार नाही. पाळत दुसऱ्यावर असते तोवर ती तत्त्वाची गोष्ट राहते. त्या प्रश्नाने ती न्यायमूर्तींच्या स्वतःच्या गाडीखाली आली.

पहिलं मत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं. तेच पाच जणांचं, म्हणजे न्यायालयाचं मत. अमेरिकेच्या घटनेची चौथी दुरुस्ती चार गोष्टींना संरक्षण देते. माणसं, घरं, कागदपत्रं आणि चीजवस्तू. स्कॅलिया यांनी सगळा डोलारा शेवटच्या शब्दावर उभा केला. गाडी ही चीजवस्तू, सरकारने माहिती मिळवण्यासाठी तिला हात लावला, संपलं. यासाठी ते १७६५ सालच्या इंग्लंडमध्ये जातात. राजाच्या माणसांनी एका लेखकाच्या घरात घुसून त्याचे कागद चाळले, त्या एंटिक खटल्यात लॉर्ड कॅमडेन यांनी म्हटलं होतं की शेजाऱ्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय पाऊल ठेवणं हेच अतिक्रमण, नुकसान झालं की नाही हे पाहायचंच नाही. बांधावर पाऊल पडलं की भांडण, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. स्कॅलिया यांचं गद्य तसंच आहे, बांधासारखं. इकडे माझं, तिकडे तुझं, मध्ये ओल नाही. त्यातलं सौंदर्य त्याच्या ठामपणात आहे. एकविसाव्या शतकातल्या उपग्रहाच्या यंत्राला अठराव्या शतकातल्या चार शब्दांनी थांबवता येतं, हा विश्वास त्यांच्या प्रत्येक परिच्छेदात दिसतो.

पण याच ठामपणात एक उणीव आहे आणि ती न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी अचूक पकडली. अलिटो यांचं मत हे माझ्या लेखी या निकालपत्राचं हृदय आहे. ते निकालाशी सहमत आहेत, कारणाशी नाहीत. त्यांच्यासोबत गिन्सबर्ग, ब्रेयर आणि कागन, म्हणजे एरवी क्वचितच त्यांच्या बाजूला दिसणारे तिघे. त्यांनी विचारलं, एकविसाव्या शतकातल्या पाळतीचा न्याय अठराव्या शतकातल्या कायद्याने कसा करणार? त्या काळात याच्याशी जुळणारा प्रसंग तरी कल्पता येतो का? एखादा शिपाई कुणाच्या घोडागाडीत लपून बसला आणि मालक कुठे कुठे जातो ते पाहत राहिला, असं काही?

इथून जे सुरू होतं त्याला आपल्या कलगी-तुऱ्याच्या फडातला सवाल-जवाबच म्हणायला हवं. स्कॅलिया यांनी तळटीपेत जवाब दिला. त्यांनी तो कल्पनेतला शिपाई खरा मानला. बग्गीत लपून बसलेल्या शिपायाने आतलं बोलणं ऐकलं काय किंवा बग्गी कुठे गेली हे टिपलं काय, ती बेकायदा झडतीच, यात शंका नाही, असं ते म्हणाले. यावर अलिटो यांनी त्यांच्या मताच्या तळटीप ३ मध्ये प्रतिजवाब दिला. असा प्रकार घडायला एक तर बग्गी अवाढव्य लागेल, नाही तर शिपाई अगदी इवलासा, किंवा दोन्ही. शिवाय त्या शिपायाच्या अंगी कमालीची सहनशक्ती आणि चिकाटी हवी.

तळटीप वाचून हसू येतंच. पण या ओळींचं मोल विनोदात नाही. बग्गीच्या फळ्यांमागे अंग चोरून, श्वास रोखून बसलेला तो शिपाई जरा डोळ्यांपुढे आणा. त्याला भूक लागणार, पाय आखडणार, खड्ड्यातून बग्गी गेली की डोकं आपटणार, खोकला दाबावा लागणार. दोन तासांनी तो स्वतःहून बाहेर पडेल. माणसाचं शरीर हीच पाळतीची मर्यादा होती. त्याला अशक्य ठरवून अलिटो यांनी दाखवून दिलं की यंत्राने नेमकं काय काढून घेतलं. डबीला भूक नाही, पाय नाहीत, कंटाळा नाही. तिला महिन्यातून एकदा नवी बॅटरी दिली की झालं.

मग याच मुद्द्यावर अलिटो संथपणे, शब्दांचा बडेजाव न करता येतात. संगणकाच्या आधीच्या काळात खासगीपणाचं सर्वांत मोठं संरक्षण घटनेत नव्हतं आणि कायद्यातही नव्हतं. ते व्यवहारात होतं. चार आठवडे एका गाडीवर अखंड नजर ठेवायची तर माणसांची मोठी तुकडी, अनेक गाड्या आणि कदाचित विमानाची मदत लागली असती. एवढा खर्च फार महत्त्वाच्या तपासातच केला गेला असता. कष्ट हेच कुंपण होतं. मला या निकालपत्रातला सर्वांत खोल विचार हाच वाटतो. पोलिसांना थकवा येतो म्हणून सामान्य माणूस मोकळा होता, ही गोष्ट कुणी कुठे लिहून ठेवली नव्हती. ती नाहीशी झाली तेव्हाच नजरेला आली.

अलिटो यांचं मत निर्दोष नाही. थोड्या वेळाची पाळत चालेल, लांबची चालणार नाही, रेषा नेमकी कुठे ते सांगत नाही, पण चार आठवड्यांच्या आत ती नक्कीच ओलांडली गेली, असं ते लिहितात. स्कॅलिया यांनी लगेच विचारलं की मग चोरीच्या मालाच्या विक्रेत्यावर दोन दिवस चालेल का, दहशतवाद्यावर सहा महिने चालेल का? प्रश्न रास्त आहे आणि अलिटो यांच्यापाशी त्याचं उत्तर नाही. तरीही अंधूक रेषा असलेला खरा विचार मला ठळक रेषा असलेल्या अपुऱ्या विचाराहून जवळचा वाटतो.

तिसरं मत न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं. सर्वांत लहान, सर्वांत धाडसी. त्यांनी स्कॅलिया यांना पाचवं मत दिलं आणि मनाने त्या अलिटो यांच्याही पुढे गेल्या. त्यांच्या मतात न्यूयॉर्कच्या एका निकालातून घेतलेली एक यादी आहे. गाडी कुठे थांबली यावरून काय काय कळतं? मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना, गर्भपाताचं केंद्र, एड्सवरच्या उपचारांची जागा, फौजदारी वकिलाचं ऑफिस, तासावर मिळणारं मोटेल, कामगार संघटनेची बैठक, मशीद, सिनेगॉग, चर्च. या यादीला कुणी विशेषण लावलेलं नाही. नुसती ठिकाणं एकापुढे एक येत जातात आणि वाचता वाचता वाचकाच्या मनात त्याची स्वतःची यादी सुरू होते. स्कॅलिया यांनी गाडी पाहिली, अलिटो यांनी वेळ मोजली, सोटोमायोर यांनी गाडीतलं माणूस पाहिलं.

आता पाठलागाकडे येतो, कारण जोन्सची गाडी पळत नव्हती. पळणाऱ्या गाडीवरचा निकालही स्कॅलिया यांच्याच हातचा आहे. २००७ चा ‘स्कॉट विरुद्ध हॅरिस’. २००१ मध्ये जॉर्जियात एक १९ वर्षांचा मुलगा ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ ने चालला होता. पोलीस मागे लागले, तो थांबला नाही. सहा मिनिटांत सुमारे दहा मैल गेले. शेवटी पोलिसांनी मागून धडक दिली. गाडी उलटली आणि तो मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला. आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने पोलिसांची कृती योग्य ठरवली. पाठलागाची चित्रफीत न्यायालयाने आपल्या वेबसाइटवर ठेवली आणि लोकांनी स्वतःच पाहावं असं सुचवलं. एकटे न्यायमूर्ती स्टीव्हन्स विरोधात गेले. पोलिसांकडे गाडीचा नंबर होता, त्याला नंतर पकडता आलं असतं, हा त्यांच्या मतातला साधा मुद्दा होता.

पाठलाग थांबवला का नाही, याला स्कॅलिया यांनी दिलेलं उत्तर आज फार वेगळं वाचलं जातं. मुलाने आरशात पाहिलं असतं, पोलिसांच्या गाड्यांचे दिवे बंद होऊन त्या मागे वळताना दिसल्या असत्या, तरी ते खरंच सोडून देताहेत की पकडण्याचा नवा डाव रचताहेत, हे त्याला कळलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तो नवा डाव आज हातात आहे. अमेरिकेतल्या अनेक पोलीस दलांकडे स्टारचेस नावाची यंत्रणा आहे. पोलिसगाडीच्या पुढच्या जाळीत बसवलेली नळी दाबलेल्या हवेच्या जोरावर एक चिकट गोळा पुढच्या गाडीवर मारते. गोळ्यात जीपीएस असतं. तो चिकटला की पोलीस दिवे आणि भोंगा बंद करून मागे राहतात. पळणारा आरशात पाहतो, मागे कुणी नसतं, तो वेग कमी करेल अशी अपेक्षा असते. गाडी कुठे थांबली ते नियंत्रण कक्षाला दिसतं. पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम या संस्थेने २०२३ मध्ये सुचवलं की पाठलाग फक्त हिंसक गुन्हा आणि तातडीचा धोका असेल तरच करावा. तिथल्या रस्त्यांवर पाठलागात रस्त्यालगतची निष्पाप माणसं मरतात, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हा गोळा देवासारखा वाटला तर नवल नाही.

या गोळ्याला जोन्स निकालाच्या पहिल्या दोन मतांनी मापून पाहा. स्कॅलिया यांच्या मापाने तोही चीजवस्तूला हात लावतो, मग तो काही मिनिटांचा का असेना. अलिटो यांच्या मापाने तो अल्पकाळाचा, डोळ्यांदेखत चाललेल्या गुन्ह्यामागे लागलेला, म्हणून चालण्याजोगा. माझं मत अलिटो यांच्या बाजूने आहे. पळणाऱ्याला ठाऊक आहे की पोलीस मागे होते. गोळा पाठलागाचं रूप बदलतो, त्याला पाळत करत नाही. तो गाडीवर विसरून राहिला आणि दुसऱ्या दिवशीही संकेत देत राहिला, तर मात्र तो बीपर ठरेल. पिंपातला तो हरवलेला तास तिथे पुन्हा सुरू होईल.

जोन्सचं पुढे काय झालं हे स्कॅलिया यांच्या मताच्या उणिवेचं उदाहरण आहे. पुन्हा खटला चालला तेव्हा सरकारने डबीची माहिती सोडून दिली आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी आणल्या. आता गाडीला कुणी हातच लावला नव्हता. ज्युरीचं एकमत झालं नाही आणि अखेर जोन्सने गुन्हा कबूल करून १५ वर्षांची शिक्षा स्वीकारली. टॉवरच्या नोंदींचा प्रश्न न्यायालयापुढे २०१८ मध्ये ‘कार्पेंटर’ खटल्यात आला. १२७ दिवसांत १२,८९८ ठिकाणं नोंदली गेली होती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी पाच विरुद्ध चार मतांनी लिहिलेल्या निकालात वॉरंट आवश्यक ठरवलं. त्या निकालाचा पाया अलिटो आणि सोटोमायोर यांच्या मतांतला होता. अलिटो स्वतः मात्र या वेळी विरोधात होते.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा जोन्सची दखल घेतली गेली. ८ जुलै २०२४ रोजी ‘फ्रँक व्हायटस’ खटल्यात जामिनाची एक अट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावं, अशी ती अट होती. आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. हे पीठ न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं.

जोन्स निकालाची तिन्ही मतं मिळून चाळीस पानांच्या आत आहेत आणि ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. इंग्रजी कायद्याची असली तरी अवघड नाही. वाचायला बसाल तेव्हा अलिटो यांच्या मतापाशी पोहोचल्यावर घाई करू नका. तळटीप ३ वगळू नका.